तपासणीच्या दिवशी मी बंद पडले नाही

मित्रांनो, मला पाहून कोणीही म्हणेल की मी एक जुनी मोटरसायकल आहे. सीट उसवलेली, डाव्या आरशाला तडा, टाकीवर ओरखडे. खरे सांगायचे तर माझे वय अवघे साडेतीन वर्षे आहे. माझ्या वयाच्या माझ्या बहिणी अजून रस्त्यावर मिरवतात, सिग्नलला उभ्या राहून माझ्याकडे पाहत नाक मुरडतात. मी मात्र बसल्या जागी म्हातारी झाले.

माझ्यासारख्यांच्या गोष्टी तुम्ही वाचल्या असतील. त्यांत आधी जन्म येतो, मग भरभराटीचे दिवस, मग अडगळ. माझ्या गोष्टीत मधला भाग नाही. मी पहिल्या दिवसापासून बिघडलेली होते. यंत्राला तोंड नसते, म्हणून मला ते सांगता आले नाही. आणि ज्यांना तोंड होते त्यांचे कोणी ऐकले नाही.

माझा जन्म एका लांबलचक सरकत्या पट्ट्यावर झाला. दोन्ही बाजूंना माणसे उभी होती आणि प्रत्येकाच्या वाट्याला मी काही सेकंदच येत होते. माझ्या इंजिनाच्या डाव्या झाकणाआड बोटाएवढी एक गुंडाळी बसवतात. ठिणगी नेमकी कधी पडायची हे ती ठरवते. तिच्या तारेला कथिल वितळवून टाका घालणाऱ्याचा हात त्या क्षणी घाईत होता. टाका अर्धवट बसला आणि पट्टा पुढे सरकला. मी तेव्हा गार होते, आणि गार असताना तो टाका चिकटून राहायचा. तपासनिसाने मला दोन मिनिटे चालवले, ‘ठीक’ असा शिक्का मारला आणि झाकणाच्या स्क्रूंवर पिवळ्या रंगाचे ठिपके दिले. हे झाकण कारखान्यानेच बंद केले आहे, इतर कोणी उघडायचे नाही, अशी ती खूण होती.

मला विकत घेतले ते ताईंनी. सगळे त्यांना ताई म्हणतात, म्हणून मीही म्हणते. त्यांचे काम रक्ताचे नमुने गोळा करण्याचे. डोंगरउतारावर सात वस्त्या होत्या. रोज सकाळी घरोघरी जाऊन रक्त काढायचे, नळ्या थंड पेटीत ठेवायच्या आणि अकराच्या आत शहरातल्या प्रयोगशाळेत पोहोचवायच्या. त्या फेरीसाठी एकच अट होती, स्वतःची भरवशाची गाडी हवी. ती भरवशाची गाडी म्हणजे मी. आता हसू येते.

दुकानातल्या विक्रेत्याने हमीची पुस्तिका ताईंच्या हातात ठेवली आणि म्हणाला, “दोन वर्षं काही बघायला नको. डोळे झाकून चालवा.”

“उघडे ठेवूनच चालवीन म्हणते,” ताई म्हणाल्या.

घरी ताईंचे वडील होते. कपडे शिवण्याच्या कारखान्यात चाळीस वर्षे त्यांनी शिलाईच्या यंत्रांची देखभाल केली होती, म्हणून सारी गल्ली त्यांना मशीनकाका म्हणायची. त्यांनी माझ्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. मग खिशातला स्क्रूड्रायव्हर बाहेर काढला.

“बाबा, हात लावायचा नाही हं,” ताई ओरडल्या. “बाहेरच्या माणसाने उघडली तर हमी जाते.”

“मी बाहेरचा?” काकांनी विचारले. पण स्क्रूड्रायव्हर खिशात परत गेला.

अठराव्या दिवशी मी पहिल्यांदा दगा दिला. चढावर चाळीस मिनिटे धावून मी चांगली तापले होते. तो अर्धवट टाका सुटला, ठिणगी गेली आणि मी भर रस्त्यात मुकी झाले. ताईंनी किक मारून मारून पोटरी दुखवून घेतली. वीस मिनिटांनी मी गार झाले, टाका पुन्हा टेकला आणि मी जणू काही घडलेच नाही अशा थाटात सुरू झाले. ताई प्रयोगशाळेत पोहोचल्या तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. चार नळ्या परत आल्या. त्यांत एक सहा महिन्यांच्या बाळाची होती.

दुसऱ्या दिवशी ताई त्या घरी पुन्हा गेल्या. बाळाच्या आईने बाळाला छातीशी घट्ट धरले. “परत टोचणार? काल दिलं होतं ना?” मी दाराशी उभी होते. बाळाचे रडणे मी पूर्ण ऐकले. त्या रडण्याला मी कारण होते.

मग माझ्या सर्व्हिस सेंटरच्या वाऱ्या सुरू झाल्या. तिथे कामाची एक पद्धत होती. गाडी आली की आधी तिला गार पाण्याने धुवायचे, मग रांगेत उभी करायची. दोनतीन तासांनी मेकॅनिक यायचा आणि अंगणात मला दोन चकरा मारून आणायचा. इतकी न्हाऊन माखून गार झालेली मी कशाला बंद पडते? कार्डावर लिहिले जायचे, ‘तक्रार आढळली नाही.’

“चाळीस मिनिटांनी बंद पडते,” ताईंनी काउंटरवरच्या टायवाल्या सल्लागाराला सांगितले.

“आमच्याकडे तर पडली नाही.”

“तुम्ही चाळीस मिनिटं चालवली का?”

“मॅडम, एकेक गाडी चाळीस मिनिटं फिरवली तर आम्ही घरी कधी जायचं?” सल्लागार हसला. “पेट्रोल कुठून भरता? आणि क्लच दाबून तर नाही ना ठेवत? लेडीज चालवतात ना, तेव्हा होतं असं.”

ताईंचा चेहरा लाल झाला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी फेरी होती आणि कार्डावर सही केल्याशिवाय गाडी मिळत नव्हती. सहीच्या वर बारीक अक्षरांत छापलेले होते, ‘गाडी चालवून पाहिली. ग्राहक समाधानी.’ ताईंनी ते न वाचताच सही केली. पुढच्या खेपेला वाचले, आणि तरीही केली. अशा सहा खेपा झाल्या. प्लग बदलला, कार्ब्युरेटर धुतला, वायर हलवून पाहिली. झाकणाआडच्या त्या टाक्यापर्यंत कोणीही पोहोचले नाही.

प्रयोगशाळेतल्या मुख्य बाई वाईट नव्हत्या. पण एक दिवस त्यांनी ताईंना बोलावून घेतले. “तुझा हात हलका आहे, लोक तुझंच नाव घेतात,” त्या म्हणाल्या. “पण नमुने वाया जातात त्याचं मी काय करू? सहा महिने थांबते. त्यात गाडीचा काय तो सोक्षमोक्ष लाव. नाहीतर फेरी दुसऱ्याला द्यावी लागेल.”

शेवटच्या वस्तीत एक आजी राहायच्या. त्यांची मुलगी वकील होती. तिने ताईंची कर्मकथा ऐकली आणि दुसऱ्याच दिवशी कागद घेऊन बोलावले. तिचे ऑफिस बेकरीच्या वर होते आणि मी खाली जिन्याला लागून उभी होते. खिडकी उघडी असल्याने मला सगळे ऐकू आले.

“हमी म्हणजे त्यांनी केलेले उपकार नाहीत,” वकीलबाई म्हणाल्या. “तो शब्द आहे, छापून दिलेला. तो पाळला नाही तर मागता येतं. आधी लेखी नोटीस द्यायची, विकणाऱ्यालाही आणि बनवणाऱ्यालाही. नाही ऐकलं तर ग्राहक न्यायालय. तिथे आपण म्हणू, दोष मुळापासून काढून द्या. तो निघत नसेल तर गाडी बदलून द्या, नाहीतर पैसे परत द्या. नमुने वाया गेले, तुमची फेरी धोक्यात आली, त्याची भरपाईही मागू.”

ताईंचा आवाज कितीतरी दिवसांनी मोकळा झाला. “खरंच बदलून देतील?”

“बघू. आता ती सर्व्हिसची कार्डं दाखवा.” खिडकीतून कागद उलटल्याचा आवाज येत राहिला. मग वकीलबाई म्हणाल्या, “ही सही तुमचीच?”

“हो.”

“सहा वेळा समाधानी झालात.”

“गाडी न्यायची होती हो मला,” ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज रडवेला झाला होता.

नोटीस गेली. उत्तर आले की गाडीत दोष नाही, असला तर चालवणाऱ्यात आहे. मग तक्रार दाखल झाली. कंपनीच्या वकिलाने ती सहा कार्डे पत्त्यांसारखी टेबलावर मांडली. तरीही न्यायाधीशांनी ताईंचे म्हणणे पुरते उडवून लावले नाही. तंत्रशाळेतल्या एका प्राध्यापकांना त्यांनी तज्ज्ञ म्हणून नेमले. त्यांनी ताईंच्या घरी यायचे, दोन्ही पक्षांसमोर मला चालवून पाहायचे आणि अहवाल द्यायचा. गुरुवार ठरला.

“आता सगळं या एका तपासणीवर आहे,” वकीलबाईंनी बजावले. “गाडी घरी ठेवा. चालवू नका, धुऊ नका, काही करू नका. साहेबांसमोर ती बंद पडली की आपण जिंकलो.”

मित्रांनो, आता जे झाले ते नीट ऐका. त्यात कोणाच्या मनात खोट नव्हती.

काकांचा रक्तदाब वाढलेला असायचा आणि कोर्ट म्हटले की त्यांना धडकी भरायची. म्हणून ताईंनी खटल्याचा त्यांना पत्ता लागू दिला नव्हता. कंपनीकडे तक्रार केली आहे, एवढेच त्यांना माहीत होते. बुधवारी सकाळी बस पकडायला निघताना ताई म्हणाल्या, “बाबा, उद्या साहेब येणार आहेत. गाडीची तपासणी आहे. घरातच राहा.”

साहेब, तपासणी. काकांनी हे दोन शब्द चाळीस वर्षे ऐकले होते आणि त्यांचा अर्थ त्यांच्या हाडांत मुरला होता. साहेब तपासणीला येणार असले की आदल्या दिवशी काकांनी दीडशे यंत्रे एकेक करून पाहायची. सुई अडता कामा नये, दोरा तुटता कामा नये. साहेबासमोर यंत्र अडले तर साऱ्या खात्याची मान खाली. त्यांच्या हाताखालचे यंत्र साहेबासमोर कधी अडले नव्हते. हे ते मोठ्या अभिमानाने सांगायचे आणि ते खरे होते.

दुपारी जेवण झाल्यावर काका अंगणात आले. त्यांनी खुर्ची आणली आणि मला स्टँडवर लावून सुरू केले. मग ते माझ्याजवळ बसून राहिले. दहा मिनिटे झाली, वीस झाली. ते उठले नाहीत. चाळीस मिनिटांनी मी तापून बंद पडले, तेव्हा ते दचकलेसुद्धा नाहीत. “अस्सं,” एवढेच म्हणाले. मी गार होण्याआधी त्यांनी घाईने, पण न चुकता, तारेमागून तार चाचपली. शेवटी त्यांची बोटे डाव्या झाकणापाशी थांबली. पिवळे ठिपके त्यांना दिसले. ते क्षणभर घुटमळले. मग स्वतःशीच म्हणाले, “साहेबासमोर पोरीची शोभा व्हायला नको.”

झाकण उघडले. दोन मिनिटांत त्यांना टाका सापडला. जिथे सहा वेळा कोणी डोकावले नव्हते, तिथे हा म्हातारा चष्मा कपाळावर सरकवून पोहोचला. त्यांनी जुना टाका घासून काढला, फडक्याने पुसून टाकला आणि आपल्या जुन्या हत्याराने नवा घातला. झाकण लावले. नीटनेटका माणूस तो. दार रंगवून उरलेला पिवळा रंग घरात होता. काडीच्या टोकाने त्यांनी स्क्रूंवर पहिल्यासारखेच ठिपके दिले. मग मला पुन्हा तासभर चालवले. मी एकदाही अडखळले नाही.

त्या दुपारी मी सुखी होते. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझे दुखणे शोधून काढले होते. आज ते सुख आठवले की मला माझीच लाज वाटते.

गुरुवारी दहा वाजता प्राध्यापक आले, कंपनीचा माणूस आला, वकीलबाई आल्या. प्राध्यापकांनी घड्याळ लावले आणि मला सुरू केले. ताई हात बांधून भिंतीशी उभ्या होत्या. पस्तीस मिनिटे झाली तेव्हा त्यांनी हळूच वकीलबाईंकडे पाहिले. चाळीस झाली. बेचाळीस. ताई एक पाऊल पुढे आल्या. पंचेचाळीस झाली आणि त्यांचा चेहरा उतरू लागला. मी बंद पडण्यासाठी जिवाचा आटापिटा केला, मित्रांनो. जी मी भर चढावर हजारदा थांबले, ती मी त्या दिवशी थांबू शकले नाही. पन्नास मिनिटे झाली. तास झाला.

तेवढ्यात इस्त्रीचा सदरा घातलेले काका दारात आले. त्यांचा चेहरा खुलला होता. “साहेब, खुशाल घड्याळ लावून बघा,” ते म्हणाले. “दोन तास चालेल. अडायची नाही आता.”

“आता?” कंपनीच्या माणसाने लगेच विचारले. “म्हणजे कोणी दुरुस्त केली का?”

“मी केली,” काका म्हणाले.

प्राध्यापक खाली वाकले. त्यांनी झाकणाच्या स्क्रूला बोट लावले. बोटाला पिवळा रंग लागला. त्यांनी ते बोट बराच वेळ पाहिले.

“जुना टाका ठेवलाय का?” त्यांनी विचारले. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

“घासून टाकला, साहेब. घाण कशाला ठेवायची?”

मला बंद करायचे कोणाला सुचेना, म्हणून मी तशीच धडधडत राहिले. शेवटी वकीलबाई काकांजवळ गेल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “काका, ती बंद पडायला हवी होती.”

“बंद?” काका त्यांच्याकडे पाहतच राहिले. “साहेबासमोर?”

मग त्यांनी ताईंकडे पाहिले. ताईंनी मान वळवली. काकांना सगळे कळले तेव्हा त्यांचा हात सदऱ्याची गुंडी उगाच लावत होता आणि काढत होता. ताई त्यांना रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्या म्हणाल्या, “उन्हात उभे राहू नका बाबा. आत चला, चहा करते.”

अहवालात खरे तेच लिहिले होते. चालवून पाहता दोष आढळला नाही. झाकण बाहेरच्या व्यक्तीने उघडले आहे. कारखान्याच्या खुणेवर नव्याने रंग दिला आहे. मूळ दोष होता की नव्हता, हे आता सांगता येत नाही. कंपनीच्या वकिलाने त्या पिवळ्या रंगावर अर्धा तास भाषण केले. ताईंनी फसवणुकीचा घाट घातला, असे तो म्हणाला. तक्रार फेटाळली गेली आणि त्याच दिवशी माझी उरलेली हमीही संपली.

“वर अपील करता येतं,” वकीलबाई म्हणाल्या. त्या आमच्या अंगणातच उभ्या होत्या. “काकांनाच साक्षीला उभं करू. काय सापडलं ते त्यांनी शपथेवर सांगायचं. उलटतपासणी कडक होईल, पण थोडी आशा आहे.”

“म्हणजे बाबांना तिथे उभं करून विचारणार, तुम्ही असं का केलंत म्हणून?”

“पुन्हा पुन्हा विचारतील.”

“मग नको,” ताई म्हणाल्या.

काकांचा टाका एकोणीस दिवस टिकला. शिलाईयंत्राच्या मोटारीला पुरणारे ते कथिल माझ्या उष्णतेपुढे टिकणारे नव्हते. विसाव्या दिवशी त्याच चढावर मी पुन्हा गप्प झाले, आणि या वेळी गार झाल्यावरही सुरू झाले नाही. ताई माझ्या हँडलवर डोके टेकून मनसोक्त रडल्या. मुख्य बाईंनी सहा महिने थांबण्याचा शब्द पाळला होता. त्या आठवड्यात फेरी दुसऱ्याकडे गेली आणि ताईंना प्रयोगशाळेत नळ्या धुण्याचे काम मिळाले. ज्या हाताने टोचले तर मूल फारसे रडत नसे, तो हात आता दिवसभर साबणाच्या पाण्यात असतो. सर्व्हिस सेंटरवाले मला फाटकातून आत घेत नाहीत आणि माझी ती गुंडाळी बाहेर कुठे मिळत नाही. बाहेरच्या माणसाने उघडलेली गाडी, असा माझ्यावर शिक्का बसला आहे.

मित्रांनो, शेवटी तुम्हाला चार शब्द सांगायला हवेत. नवी वस्तू बिघडली तर तक्रार लिहून द्या आणि तिची पोच घ्या. चालवून पाहिल्याशिवाय सही करू नका, कितीही घाई असली तरी. दोष दाखवता येईल असा, जसाच्या तसा राहू द्या. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांपासून काही लपवू नका. त्यांच्या काळजीपोटीसुद्धा नको. हे सगळे बरोबर आहे. पण ते सांगून माझे मन हलके होत नाही. ज्यांनी मला घाईत बनवले, गार पाण्याने धुतले, न पाहता परत पाठवले, ते सारे निर्दोष ठरले. ज्याने मला मायेने हात लावला तो एकटा दोषी ठरला. या हिशेबात कुठे चूक आहे ते मला सापडत नाही. तुम्हाला सापडले तर कोणाला तरी सांगा.

काकांना अजून वाटते की मी चालते, असे ताईंना वाटते. रोज सकाळी ताई मला ढकलत गल्लीच्या वळणापर्यंत नेतात. मग इस्त्रीवाल्याच्या टपरीमागे ठेवतात आणि बसने जातात. संध्याकाळी येताना मला तिथून उचलतात आणि पुन्हा ढकलत अंगणात आणतात. घामाने भिजलेला चेहरा आधी ओढणीने पुसतात, मगच दार वाजवतात.

काल काका अंगणातच बसले होते. “आलीस?” ते म्हणाले. “आज कुठवर गेली होतीस?”

“सातही वस्त्या झाल्या, बाबा.”

“अडली नाही ना कुठे?”

“छे. तुम्ही दुरुस्त केल्यापासून एकदाही नाही.”

काका खुर्चीतून उठले. माझ्याजवळ आले आणि त्यांनी आपला तळहात माझ्या इंजिनावर ठेवला. चाळीस वर्षे यंत्रांच्या अंगाला लागलेला हात तो. मी दिवसभर सावलीत उभी होते आणि दगडासारखी गार होते.

“चांगली तापलीय,” काका म्हणाले. आणि हात तसाच ठेवून उभे राहिले.